थंडीच्या रात्री दूरची शॉर्टवेव्ह केंद्रे कशी ऐकावीत

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने महाराष्ट्रात शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरवर पोचणारे लघुलहरींचे रेडिओ प्रसारण, ऐकणाऱ्याला सर्वांत अनुकूल असतात. याचे एक कारण विजेचे आहे. वळवाच्या पावसापासून परतीच्या पावसापर्यंत शेकडो किलोमीटरवर कडाडलेली वीजसुद्धा रेडिओत करकर उमटवते; थंडीत आपल्याभोवतीचे आकाश निवळलेले असल्यामुळे ही करकर बरीचशी थांबते. दुसरे कारण रात्रीच्या लांबीचे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या थरापर्यंत पोचतात आणि तेथून वळून एकेका उडीत तीन-चार हजार किलोमीटरवर उतरतात. डिसेंबरअखेरीस पुण्या-मुंबईकडे रात्र जवळजवळ तेरा तासांची असते.

मात्र आकाश शांत झाले म्हणून घर शांत होत नाही. आज दूरचे केंद्र हुकते ते बहुधा एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गुरगुरीत. म्हणून नवा रेडिओ घेण्याआधी एक संध्याकाळ केवळ तपासणीला द्यावी. रेडिओ बॅटरीवर चालवून ६००० किलोहर्ट्झच्या आसपास कोणतेही केंद्र नसलेली जागा शोधावी, घराचा मेन स्विच बंद करावा आणि फरक ऐकावा. गुरगुर थांबली तर मेन स्विच पुन्हा चालू करून एकेक उपकरण लावत जावे म्हणजे दोषी सापडतो. न थांबल्यास रेडिओ हातात घेऊन घराबाहेर फिरावे. माझ्याकडे दोष निघाला तो जिन्यातल्या एका स्वस्त एलईडी दिव्यात. तो इमारतीच्या सामायिक मीटरवर असल्यामुळे माझा मेन स्विच बंद करूनही ४९ मीटरचा, म्हणजे ६००० किलोहर्ट्झच्या आसपासचा, सगळा पट्टा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत राही, आणि ‘हवामानच खराब आहे’ असे समजून मी तीन हिवाळे तो सोसला.

त्यानंतर अँटेनाकडे वळावे. प्लॅस्टिकचे आवरण असलेली दहा ते पंधरा मीटर तांब्याची तार नायलॉनच्या दोरीने गच्चीच्या दोन टोकांना ताणून, तिचे एक टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला जोडले, की सुरुवातीला तेवढे पुरते. तार विजेच्या तारांपासून पूर्णपणे दूर असावी. लांब तार म्हणजे चांगली तार, हा समज मात्र खरा नाही: छोट्या रेडिओला ती पेलत नाही आणि रात्री जोरदार केंद्रे जिथे नाहीत तिथेही ऐकू येऊ लागतात. असे झाल्यास ‘लोकल’ (जवळची केंद्रे) आणि ‘डीएक्स’ (दूरची केंद्रे) असे लिहिलेले बटण ‘लोकल’वर न्यावे किंवा तार अर्धी करावी. गच्ची नसलेल्यांनी बाल्कनीत फिरवता येईल अशी वर्तुळाकार लूप अँटेना वापरावी, कारण ती योग्य कोनात वळवली की एका दिशेकडून येणारा गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो.

कोणता पट्टा केव्हा लावायचा हे अंधाराच्या रेषेवरून ठरवावे. रात्री १९ आणि १६ मीटरचे वरचे, म्हणजे जास्त वारंवारतेचे, पट्टे मंदावत जातात आणि ४१, ४९ व ६० मीटरचे खालचे, कमी वारंवारतेचे पट्टे जागे होतात. खालच्या पट्ट्यांवरील लहरींना आपल्यापासून केंद्रापर्यंतची सगळी वाट अंधारातून जाणारी हवी असते. डिसेंबरमध्ये लंडनला आपल्या रात्री साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पश्चिम युरोपसाठी त्यानंतर पहाटेपर्यंतची वेळ निवडावी. जर्मनीतील ‘चॅनल २९२’ हे खासगी केंद्र ६०७० किलोहर्ट्झवर लागते का, ही चांगली परीक्षा आहे. पूर्वेकडील केंद्रे संध्याकाळी सात-आठपासूनच मिळतात. आपल्याकडे सूर्यास्त होत असताना अमेरिकेच्या मध्य भागात पहाट फुटत असते, आणि आपल्या सूर्योदयाच्या वेळी तिच्या पश्चिम किनाऱ्यावर नुकतीच सांज झालेली असते. अशा संधिकाळी अर्धा-पाऊण तास अनपेक्षित केंद्रे लागतात, मग पट्टा मिटतो. या वेळेला मी तरी चहासुद्धा करायला उठत नाही.

पहिल्या रात्री थेट दुर्मीळ केंद्राच्या मागे न लागता ५००० आणि १०००० किलोहर्ट्झवर थांबावे. तेथे चीनच्या शान्शी प्रांतातील ‘बीपीएम’ हे प्रमाणवेळ केंद्र सेकंदासेकंदाला टिकटिक करते. ती टिकटिक खरखरीतून वर येते, बुडते आणि पुन्हा वर येते; काही मिनिटे हे ऐकले की आवाजाची चढउतार आणि गोंगाट यांतला फरक कानाला कळू लागतो. त्यानंतर आपल्याला न समजणाऱ्या भाषेतही घड्याळाच्या काट्याला होणारी केंद्राची घोषणा पकडता येते.

वहीत तारीख, वारंवारता आणि वेळ लिहावी. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्री अडीचला ऐकलेले केंद्र वहीत २१.०० वाजता, आदल्या दिवशीच्या तारखेला जाते, आणि नवशिक्यांचे अहवाल नेमके याच तारखेवर चुकतात. केंद्राला अहवाल पाठवायचा तर निदान पंधरा-वीस मिनिटांच्या कार्यक्रमाचा तपशील, रेडिओ आणि अँटेनाचे वर्णन द्यावे व केंद्र किती चांगले ऐकू आले हे ‘सिनपो’ या पाच अंकी पद्धतीने (आवाजाचा जोर, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा यांना प्रत्येकी एक अंक) नोंदवावे; तपशील जुळल्यास काही केंद्रे क्यूएसएल कार्ड, म्हणजे आपले केंद्र ऐकले गेल्याची पोच देणारे कार्ड, पाठवतात. केंद्र ओळखता आले नाही, तर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरील रेडिओ त्याच वारंवारतेवर लावून ताडून पाहावे. मात्र तेथे ऐकलेले आपल्या वहीत आपले म्हणून मांडू नये.

शॉर्टवेव्ह केंद्रांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी संपते. तोवर दुपारी वळवाचे ढग जमू लागलेले असतात. पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच गच्चीवरची तार रेडिओपासून सोडवून खाली उतरवावी.