पाइपची तंबाखू ऑनलाइन स्वस्त, दुकानात महाग का?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सांगतोय. ऑनलाइन आणि जवळच्या दुकानातल्या भावात एवढा फरक दिसला की दुकानदार लुटतोय असं लगेच ठरवू नका, बहुतेक वेळा खरं कारण राज्याचा टॅक्स असतो. केंद्राचा टॅक्स पौंडाला साधारण 2.83 डॉलर, म्हणजे 2 औंसच्या डब्यामागे 35 सेंट, तो सगळीकडे सारखाच. पण वॉशिंग्टन किंवा मिनेसोटात राज्य होलसेल किमतीवर 95% घेतं, 8 डॉलरला आलेल्या डब्यावर 7.60 नुसता टॅक्स, मग वर दुकानाचं भाडं, पगार आणि सेल्स टॅक्स! पेनसिल्व्हेनियात तोच टॅक्स औंसाला 55 सेंट, म्हणजे डब्याला 1.10 फक्त. टॅक्स कमी असलेल्या राज्यातला ऑनलाइनवाला मोठा स्टॉक उचलतो, त्यामुळे त्याला परवडतं.

ऑर्डर करण्याआधी शिपिंग धरून औंसाचा भाव काढा, कारण काही डबे 50 ग्रॅमचे असतात तर काही 2 औंसचे म्हणजे 57 ग्रॅमचे, नुसती किंमत बघून फसायला होतं. आणि बऱ्याच राज्यांत बाहेरून मागवलेल्या मालावरचा टॅक्स भरायची जबाबदारी आपलीच असते, आपल्या राज्याच्या रेव्हेन्यू खात्याच्या साइटवर नक्की बघा. नवीन ब्लेंड (तंबाखूचं मिश्रण) असेल तर मात्र मी दुकानातच जायला सांगेन, बरणी उघडून वास घ्या, चिमटीत दाबून ओलावा बघा, औंसभरच घ्या, आवडली की मग ऑनलाइन जास्तीची मागवा.