हुकलेल्या भेकराची हळहळ : कॅमेरा घेऊन रानात जाणाऱ्यांनो, या चुका टाळा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला असलेल्या येऊरच्या पायथ्याशी सकाळी साडेनऊच्या सुमारास रानातून उतरणाऱ्या छायाचित्रकारांचे चेहरे पाहिले, की कोणाला काहीच दिसले नाही आणि कोणाला दिसून हुकले, हे मला न विचारता कळते. ज्यांना काही दिसलेले नसते, ते उपवन तलावाकाठी चहा घेऊन निवांत घरी जातात. ज्यांच्या समोर सांबर उभे राहिले आणि बोट बटणावर टेकण्याआधी झाडीत शिरले, ते मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीच धूसर शेपटी पुन्हापुन्हा मोठी करून पाहत असतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांचे चेहरे तपासून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असे दाखवून दिले होते, की रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक समाधानी दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर निसटलेले सुवर्ण असते, तर कांस्यवाल्याला आपण रिकाम्या हाताने परतलो नाही याचा आनंद असतो. धूसर शेपटी घेऊन परतणारा छायाचित्रकार हा त्या रौप्यपदकवाल्याच्या जागी असतो, आणि म्हणूनच त्याची हळहळ खरी आहे, तिला कोणी हसू नये, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे.

तक्रार आहे ती या हळहळीच्या भरात माणसे जे करतात त्याबद्दल. गेली कित्येक वर्षे वनखात्याची परवानगी काढून नवशिक्यांना सोबत नेताना त्याच त्या चुका मी पाहत आलो आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक मी स्वतः सलग अडीच महिने केलेली आहे.

ती जानेवारीतली सकाळ होती. आदल्या दुपारी ऐरोलीहून होडीने ठाणे खाडीत जाऊन मी रोहित पक्ष्यांचे उडते थवे टिपले होते. त्यासाठी कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळी मापे हाताने ठरवायची अशा स्थितीत, शटर एक सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० वर ठेवली होती. रात्री दमून मी बॅटरी तेवढी बदलली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सव्वासातच्या सुमारास, ओढ्याच्या वळणावर, वाळलेल्या पानांत एक भेकर, म्हणजे भुंकणारे लहान हरीण, उभे दिसले. नर होता; केसाळ बुंध्यांवरची ती आखूड शिंगे आणि वरच्या ओठाबाहेर डोकावणारे सुळे मला दुर्बिणीशिवाय दिसत होते. अंतर पंचवीस पावलांहून अधिक नसावे. वारा डोंगरावरून खाली, म्हणजे त्याच्याकडून माझ्याकडे येत होता, त्यामुळे त्याला माझा वास लागलेला नव्हता. मी कॅमेरा उचलला, चार चित्रे घेतली, आणि चारही जवळजवळ काळी निघाली, कारण पहाटेच्या झाडीतल्या उजेडाला जेवढा प्रकाश आत घ्यायला हवा होता त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी मी घेत होतो. पडद्याकडे पाहत चकती फिरवायला जो वेळ गेला तेवढ्यात कुत्र्यासारखे ते खणखणीत भुंकणे कानांवर आले, आणि मान वर केली तेव्हा ओढ्यावर फक्त हलणारी पाने होती.

यात चूक झाली ती तांत्रिक होती आणि तिचा उपाय सोपा आहे. तो पुढे सांगतो. खरी चूक त्यानंतरच्या रविवारी सुरू झाली.

मी त्याच वळणावर गेलो. त्याच वेळी, त्याच दगडापाशी, कॅमेरा आधीपासून जुळवून. भेकर आले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. भेकर एकटे राहणारे जनावर आहे, आपल्या ठरलेल्या परिसरात ते फिरत राहते, म्हणून आज ना उद्या ते तिथे येईलच, असा माझा हिशेब होता, आणि कागदावर तो चुकीचा नव्हता. चूक अशी होती की मला भेकर पाहायचे नव्हते. मला ती सकाळ परत हवी होती. तोच उजेड, तीच पाने, मान वळवलेली तीच ऐट. सहाव्या रविवारी माझा सोबती पन्नास पावले मागे थांबला होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला सांबराची मादी पाडसाला घेऊन पाण्यात उतरली, थबकली, पाडसाने पाणी प्यायले आणि दोघे पलीकडच्या उतारावर चढून गेले. हे सगळे त्याने डोळे भरून पाहिले. रानात हाक मारायची नाही म्हणून त्याने मला हाक मारली नाही, आणि मी एकदाही मान वळवली नाही, कारण माझी नजर त्या रिकाम्या वळणावर खिळलेली होती. खाली उतरताना त्याने मला एवढेच विचारले, "तुम्ही नेमकं कशासाठी येता हो?" त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे महिनाभर मी आणखी चार फेऱ्या मारल्या, हे मात्र खरे आहे.

म्हणून माझा आताचा नियम असा आहे, की ज्या वाटेवर काही हुकले त्या वाटेवर पुढचे दोन महिने पाऊल टाकायचे नाही. हे शास्त्र नव्हे, माझी सवय आहे. कोणी म्हणेल दोन आठवडे पुरेत, तर त्याने तसे करावे. पण दुसऱ्याच दिवशी सूड घेतल्यासारखे तिथे जाऊन बसू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, त्यात चितळ, सांबर, भेकर आणि अगदी नशीब असले तर हरणासारखी दिसणारी इवलीशी पिसोरीही आहे. त्यातल्या एका वळणाला सगळे रान मानणे हा त्या रानाचा अपमान आहे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती जवळपास प्रत्येक जण करतो. चित्र हुकल्यावर तासाभरातच माणूस स्वतःला सांगू लागतो, "मला वाटलंच होतं, ते डावीकडून येणार." बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवले होते, की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीच कळण्यासारखा होता असे वाटू लागते आणि आपण पूर्वी काय समजत होतो याची त्याची आठवणही त्या दिशेने झुकते. रानात नेमके हेच घडते. चितळांनी कॉल, म्हणजे धोक्याची हाक, दिला तेव्हा तुम्हाला दिशा कळलेली नव्हती. वानर कोणत्या फांदीवरून खाली पाहत होते हे तुम्ही लक्षात घेतले नव्हते. पण घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत घरी पोहोचेपर्यंत तुम्हाला सगळे आधीच ठाऊक होते अशी कथा तयार झालेली असते, आणि त्या कथेत तुम्ही एक तर मूर्ख ठरता किंवा सोबतच्याने केलेल्या आवाजामुळे बळी ठरता. दोन्ही खोटे असते. या खोट्या कथेमुळेच हळहळ आठवडेच्या आठवडे टिकते, कारण जे कधी हातात नव्हते त्याचाही दोष माणूस स्वतःवर घेत राहतो.

यावर मी वही वापरतो. पायथ्याशी आल्यावर, चित्रे उघडण्याआधी, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो आणि एका बाजूला हातातले, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचे असे लिहितो. भेकराच्या त्या पानावर हातातले म्हणून एकच ओळ आहे: कॅमेरा आदल्या दिवशीच्याच मापांवर राहिला. हाताबाहेरचे म्हणून तीन ओळी आहेत, आणि त्या लिहिताना मला जो हलकेपणा वाटला तो मी विसरलेलो नाही. चित्रे आधी पाहिली तर हे पान खरे लिहिले जात नाही, म्हणून क्रम बदलू नये. नवशिक्यांना हे सांगितले की ते मान डोलावतात आणि तरीही खाली उतरता उतरता कॅमेऱ्याचा पडदा चालू करतात. चार ओळी लिहिण्याइतका धीर ज्याला नाही, त्याने रानात तीन तास शांत बसण्याची अपेक्षा स्वतःकडून कशी करावी, हे मला कळत नाही.

हातातल्या बाजूला जे येते त्यातले बहुतेक रात्रीच मिटवता येते. खाडीवरून किंवा कर्नाळ्याहून परतल्यावर कॅमेरा रानाच्या मापांवर आणून ठेवावा: भिंग पूर्ण उघडे, आयएसओ आपोआप पण वरची मर्यादा घातलेली, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, कमीअधिक प्रकाशाची भरपाई शून्यावर, कार्ड रिकामे. फाटकापाशी एका झाडाच्या बुंध्याचे एक चित्र घेऊन ते उघडून पाहावे. झाडीत डोळा शोधणाऱ्या स्वयंचलित फोकसवर विसंबू नये. तो समोरच्या पानावर अडकतो, म्हणून एकच बिंदू निवडावा. गाडीत वातानुकूलन चालू ठेवून आलात तर कॅमेरा पिशवीतून लगेच बाहेर काढू नका, दमट हवेत भिंगावर वाफ धरते. निळी जीन्स घालून येऊ नका. हरणांना लाल-नारिंगी आपल्यासारखे दिसत नाही, निळे मात्र चांगले दिसते. आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवा: पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की ती वर चढू लागते आणि तुमचा वास तुमच्या आधी जनावरापर्यंत पोहोचतो. नऊनंतर चढणीवर हुकलेले बहुतेक प्रसंग हे वाऱ्याने हुकवलेले असतात, त्यांचा दोष बोटांना देऊ नये.

हुकलेल्या जनावरामागे धावू नये, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. एका महाविद्यालयीन मुलाच्या समोरून भरशिंगी चितळ गेले आणि त्याचा कॅमेरा नेमका तेव्हाच बंद होता. "काका, अर्ध्या सेकंदाने हुकलं हो!" असे म्हणत तो वाट सोडून कारवीच्या गचपणात शिरला. त्याच वेळी वरच्या अंगाला चितळांचे कॉल चालू होते, म्हणजे जवळ बिबट्या असण्याची पूर्ण शक्यता होती. सोबतच्या वनरक्षकाने त्याला मागे आणले, फेरी तिथेच थांबवली आणि सहा जणांची सकाळ संपली. तो मुलगा पुढे मला फोन करून रडला. चितळ हुकल्याचे दुःख त्याला उरलेच नव्हते, इतरांचा दिवस घालवल्याचे उरले होते. मी त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा नेले, मात्र कॅमेऱ्याविना, आणि त्या दिवशी त्याने वानर आणि चितळ एकमेकांच्या आधाराने कसे चरतात हे तासभर पाहिले. वानर झाडावरून पाने टाकत होते, खाली चितळ ती खात होती.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. हुकल्याच्या आठवड्यात नवे भिंग विकत घेऊ नये. हळहळ ओसरल्यावरही हप्ते राहतात. मिठाचे ढीग टाकणे, कॉलचे ध्वनिमुद्रण वाजवणे, रात्री चोरवाटेने शिरणे या आडवाटा मला मुळीच मान्य नाहीत, त्या सुचवणाऱ्याबरोबर मी पुन्हा जात नाही. धूसर चित्रात संगणकाकडून नवा डोळा बनवून घेऊ नये, कारण तो डोळा त्या जनावराने तुमच्याकडे पाहिलेला डोळा नसतो. त्याच रात्री इतरांची चित्रे पाहत बसू नये. सोबतच्याला बोल लावू नये. त्याच्या शिंकेने सांबर गेले असले तरीही.

एक शब्दही सोडून द्यावा असे मला वाटते. हरणांची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झाले, पण शिकाऱ्याची भाषा कॅमेरेवाल्यांनी उचलली. खाली उतरणाऱ्याला आपण विचारतो, "आज काय मिळालं?" मिळाले या शब्दात न मिळाल्याची बोच आधीच भरलेली असते. मी "काय दिसलं?" असे विचारतो, आणि समोरचा माणूस धूसर शेपटीऐवजी सांबराने पाय आपटून शेपूट कसे उभारले ते सांगू लागतो.

कधी कधी मात्र हळहळ चित्राची नसतेच. एक निवृत्त गृहस्थ एका हुकलेल्या सांबरासाठी इतके खिन्न झाले, की मी त्यांच्याजवळ बराच वेळ बसलो. शेवटी त्यांनी सांगितले, की गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि ही चढण पुन्हा जमेल असे त्यांना वाटत नव्हते. अशा माणसाला वही, मापे आणि वारा सांगत बसण्याची चूक मी त्या दिवशी पहिली पाच मिनिटे केली. नंतर मी गप्प राहिलो, आणि त्यांनी ते सांबर कुठून आले, किती वेळ थांबले, कान कसे फिरवत होते, हे सगळे पहिल्यापासून सांगितले. ते मी त्यांच्याच शब्दांत माझ्या वहीत उतरवून घेतले आणि ते पान फाडून त्यांना दिले.