लघवी-शौचावर ताबा न राहणाऱ्या मुलांची शाळा बदलताना

गोव्यातील बऱ्याच मुलांचे शालेय आयुष्य ठरलेल्या ठिकाणी वळण घेते: गावातील सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते, पाचवीपासून हायस्कूल सुरू होते आणि दहावीनंतर उच्च माध्यमिक विद्यालय गाठावे लागते. लघवीवर किंवा शौचावर ताबा न राहणाऱ्या मुलाची बसलेली घडी नेमकी याच वळणांवर विस्कटते. जुन्या शाळेत बाईंना सगळे ठाऊक असते, बाहेर जाण्यासाठी नुसती खूण केली तरी पुरते, आणि कपडे ओले झालेच तर घरून कोणीतरी लगेच पोहोचते. नव्या शाळेत यातले काहीच आपोआप मिळत नाही. म्हणून पालकांनी नवे वर्ष सुरू होण्याच्या दोनेक महिने आधीच तयारीला लागावे आणि त्या तयारीत मुलाला पहिल्यापासून सामील करून घ्यावे.

पहिले काम डॉक्टरांकडचे आहे. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा आजार मानला जात नाही. त्या वयात दर 100 मुलांपैकी साधारण 15 मुलांना हा त्रास असतो आणि पुढे दरवर्षी त्यांतील सुमारे 15 टक्के मुले उपचाराविनाही कोरडी होतात. आई किंवा वडिलांना लहानपणी हाच त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ही गोष्ट आजीला विचारल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. झोपेत होणारी लघवी मूल मुद्दाम करत नाही. तेव्हा शिक्षा करणे, टोमणे मारणे किंवा चारचौघांत त्याचा उल्लेख करणे यांतून लाज तेवढी वाढते. मध्यरात्री अर्धवट झोपेत मुलाला उचलून न्हाणीघरात नेण्याची पद्धत घरोघरी दिसते. त्याने चादर वाचते हे खरे, पण मूल आपण होऊन जागे व्हायला त्यातून शिकत नाही. ओल लागताच वाजणारे गजराचे यंत्र त्यापेक्षा उपयोगी पडते. मात्र ते दोन-तीन महिने नेटाने वापरावे लागते आणि सुरुवातीला त्या आवाजाने मूल सोडून सगळे घर जागे होते. डेस्मोप्रेसिन हे रात्री लघवी कमी तयार करणारे औषध शिबिरापुरते किंवा सहलीपुरतेही देता येते. ते घेण्याच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाणी घोटभरच प्यायचे असते, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

काही लक्षणांत थांबून वाट पाहणे बरोबर नाही. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागले, त्याला फार तहान लागत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. लघवीला जळजळ किंवा ताप, मुलाची धार बारीक व अडखळत येणे, मुलीचे कपडे दिवसभर थेंब-थेंब ओले राहणे, पायांत अशक्तपणा, कमरेच्या खाली पाठीवर खळगा किंवा केसांचा पुंजका, यांपैकी काही दिसल्यास आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून पुढे म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठावे.

ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे बद्धकोष्ठ. मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते, त्यामुळे त्यात लघवी कमी मावते आणि अचानक घाई लागते. शिवाय साठलेल्या कडक मलाच्या बाजूने पातळ मल झिरपतो आणि चड्डीला डाग पडतात, तेव्हा घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि उलटेच उपचार सुरू होतात. अशा वेळी डॉक्टर मल मऊ करणारे औषध देतात, आणि ते काही महिने चालू ठेवावे लागते. दोन दिवस पोट साफ झाले म्हणून ते बंद करणे ही नेहमी दिसणारी गल्लत आहे. सोबत आहारात तांबडी भाजी, मुगागाठी, चवळी, पपई आणि मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई असावी. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर मुलाला पाच-दहा मिनिटे संडासला बसवावे. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा, म्हणजे गुडघे वर येतात आणि मुलाला अधांतरी बसावे लागत नाही.

आता शाळेचा दिवस घड्याळ लावून पाहावा. आपल्याकडील बहुतेक शाळा सकाळी भरतात. बालरथ (शाळेची बस) पकडण्यासाठी मूल सातच्या सुमारास घर सोडते आणि दोनच्या आसपास परत येते. मधल्या सुट्टीत शौचालयासमोर गर्दी असते, कडी नीट लागत नाही, म्हणून कित्येक मुले पाणीच पीत नाहीत आणि सलग सात तास लघवी रोखून धरतात. मग घराच्या पायरीवर कपडे ओले होतात आणि सगळ्यांना वाटते की शाळेत तर काही त्रास नव्हता. मूत्राशयाला दर दोन-अडीच तासांनी रिकामे होण्याची सवय लागली पाहिजे. त्यासाठी निघताना, साधारण नऊच्या सुमारास, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, अशा वेळा वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवाव्यात. पाणी दिवसभर विभागून द्यावे, झोपण्यापूर्वीचे एक-दोन तास कमी करावे. संध्याकाळचा चहा आणि कोला बंद केल्यास अनेकांना फरक जाणवतो.

दप्तरात एक साधी, रंगाने वेगळी न दिसणारी पिशवी असावी. तिच्यात अंतर्वस्त्राचे दोन जोड, गणवेशाची एक पँट किंवा स्कर्ट, ओले पुसण्याचे कागद, आतले न दिसणारी चेनची प्लास्टिक पिशवी आणि आवश्यक असल्यास पॅड किंवा पुल-अप (चड्डीसारखा घालायचा डायपर) ठेवावा. सॅनिटरी पॅड लघवी नीट शोषत नाही, त्यामुळे लघवीसाठीचेच पॅड घ्यावेत. गणवेशाचा दुसरा जोड शाळेत कोणाकडे तरी ठेवता आला तर फारच बरे, कारण पावसाळ्यात एकच पँट तीन दिवस वाळत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी, दार बंद करून, मुलाला एकट्याने कपडे बदलून ओले कपडे पिशवीत भरण्याचा सराव करायला लावावा. अरुंद शौचालयात बूट न भिजवता पँट बदलणे मोठ्यांनाही सोपे जात नाही.

पाचवीत जाणाऱ्या मुलांची एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी माध्यमातून आलेले मूल अचानक इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसते आणि बाहेर जाण्याची परवानगी कोणत्या शब्दांत मागावी हे न कळल्याने गप्प राहते. ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हे वाक्य सुट्टीतच तोंडपाठ करून घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे शिक्षकांशी ठरवून मुलाला एक छोटे कार्ड द्यावे, जे टेबलावर ठेवले की काही न बोलता बाहेर जाता येईल.

शाळेला किती सांगायचे हे मुलाला विचारून ठरवावे. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका या दोघांना ठाऊक असणे बहुधा पुरेसे होते. सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांचा दाखला जोडून साधे पत्र द्यावे आणि त्यात नेमक्या मागण्या लिहाव्यात: हवे तेव्हा बाहेर जाण्याची मुभा, दाराजवळची जागा, कडी लागणारे शौचालय, बोर्डाच्या परीक्षेत केंद्रावर आगाऊ सूचना. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांना मनाई आहे. मूल दिव्यांग असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर आवश्यक सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. कायद्याचा उल्लेख पहिल्याच भेटीत करू नये, असे माझे मत आहे. बहुतेक शिक्षक माहिती मिळाली की मदत करतात.

स्पायना बिफिडासारख्या (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेल्या) विकारात मूत्राशय नळीने रिकामे करावे लागते, साधारण दर तीन-चार तासांनी. अनेक मुले प्राथमिक शाळेच्या वयातच हे स्वतः शिकतात. शाळेत त्यासाठी हात धुण्याची सोय, साहित्य ठेवायला कोरडी फळी आणि दहा मिनिटांचा निवांत वेळ लागतो. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून नळी लॅटेक्सविरहितच असावी, आणि वर्गातल्या वाढदिवसाच्या फुग्यांबद्दलही बाईंना सांगून ठेवावे.

चतुर्थीला मूळ घरी सगळी चुलत-मावस भावंडे एकाच चटईवर ओळीने झोपतात, आणि या मुलांना त्या रात्रींची धास्ती महिनाभर आधीपासून लागते. मुलाला कडेची जागा, खाली मेणकापड आणि पहाटे उठून निमूट चादर बदलणारी एक विश्वासाची काकी किंवा आत्या एवढे जमवले तर निभावते. कोणी विचारलेच तर ‘मूत्राशयाचा त्रास आहे, औषध चालू आहे’ एवढे उत्तर पुरते, आणि ते मुलाकडून आधी दोन-चारदा म्हणवून घ्यावे.

तेरा-चौदाव्या वर्षानंतर कारभार मुलाच्या हाती सोपवायला लागावे: पॅड संपत आल्याचे लक्षात ठेवणे, चादर मशीनमध्ये टाकणे, डॉक्टरांना स्वतः त्रास सांगणे. तपासणीच्या वेळी आई-वडिलांनी थोडा वेळ बाहेर थांबावे, कारण या वयातली मुले कित्येक गोष्टी पालकांसमोर बोलत नाहीत. ताबा अचानक सुटू लागला आणि मूल एखाद्या व्यक्तीला किंवा जागेला घाबरू लागले, तर अत्याचाराची शक्यता मनात धरून शांतपणे चौकशी करावी. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी न्हाणीघराजवळची खोली प्रवेशाच्या वेळीच मागावी. तपासण्यांचे अहवाल, औषधांचे प्रमाण आणि नळीचा आकार एका कागदावर लिहून त्याचा फोटो त्याच्या फोनमध्ये ठेवावा, आणि बालरोग विभागातून मोठ्यांच्या युरॉलॉजी (मूत्रविकार) विभागात नाव घालण्याचे काम गोवा सोडण्यापूर्वी उरकावे. पहिल्या महिन्याचे पॅड घरून द्यावेत, पण तिथले दुकान त्याच महिन्यात शोधायला सांगावे. चतुर्थीला घरी येईपर्यंत पुरतील हा हिशेब पावसात कपडे वाळेनासे झाले की कोलमडतो.