मुलाचा ताबा नंतर, आधी भेट मागा (पुण्यातल्या बाबांसाठी)

नवरा-बायको वेगळे झाले की मुलाच्या ताब्याच्या केसमध्ये बापावर अन्याय होतो का तर होतो, पण निकालात कमी आणि तारखांमध्ये जास्त. निकाल लागेपर्यंत लहान मूल तुम्हाला विसरायला लागतं. म्हणून शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात ताब्याचा अर्ज टाकलात की त्याच्यासोबतच अंतरिम (म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या) भेटीचा अर्ज टाकाच, मी तो टाकला आठ महिन्यांनी, वकील म्हणाले बघू पुढे आणि मीही मान डोलावली.

अर्जात नुसतं 'मुलीला भेटू द्यावे' लिहू नका (मी लिहिलेलं!). वार, वेळ, जागा, कोण आणणार, कोण सोडणार, आजारी असेल तर बदली दिवस कुठला, दिवाळी आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, सगळं लिहून मागा. २०२० मध्ये यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलाला आईवडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, भेट शक्य नसेल तर फोन, व्हिडिओ कॉल तरी हवा. वकिलाला हे दाखवायला लावा.

'कायद्याने वडीलच नैसर्गिक पालक' या जोरावर मात्र जाऊ नका. हिंदूंच्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात तसं लिहिलंय खरं, पण तिथेच पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे असंही आहे आणि कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यात वर. त्यापेक्षा लस कोणी दिली, पालकसभेला कोण जायचं, रात्री ताप आला तर कोण जागायचं याचे कागद काढा, डॉक्टरची चिठ्ठी, शाळेच्या डायरीतल्या सह्या, मेसेज.

मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पोटगी बंद करायची नाही, अजिबात नाही! ती बँकेतूनच पाठवा. भेट बुडाली की त्याच दिवशी साधा मेसेज टाका, शिव्या नकोत, तो मेसेज पुढे जज वाचणारेत.

सुरुवातीला भेट कोर्टातल्याच खोलीत मिळू शकते. पहिल्या वेळी मी ही एवढी मोठी बाहुली नेली, पोरीने बघितलंसुद्धा नाही, नुसती दाराकडे बघत बसली. दुसऱ्या वेळी चित्रकलेची वही आणि खडू नेले, बोललो काहीच नाही, मांजर काढत बसलो, ते इतकं वाईट आलं की तिने खडू हिसकावून स्वतः शेपटी काढली. वही तिच्याकडे देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं.