हे खरे आहे काय? उजव्या विचारांच्या आमदाराची कारकीर्द आणि त्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमदाराची कारकीर्द भाषणांवर उभी राहते, अशी नव्या मुलांची समजूत असते. उजव्या विचारांच्या पक्षात येणाऱ्यांत ती जास्तच दिसते. शाखा, विद्यार्थी परिषद, बौद्धिके यांतून आलेल्या तरुणाला वाटते, विचार पक्का आहे, बाकीचे जमेल. विचार लागतोच. पण या विचाराची माणसे महाराष्ट्राच्या सभागृहात टिकली ती कागदाच्या कामावर. त्यामुळे आमदार व्हायचे असो की आमदाराकडे पीए किंवा संशोधन सहायक म्हणून काम करायचे असो, सुरुवात कागदापासून करा.

जनसंघाचे आमदार रामभाऊ म्हाळगी यांची कारकीर्द नीट समजून घेतली तर अर्धे शिक्षण होते. १९५७ साली ते मावळातून मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. जनसंघ, म्हणजे आजच्या भाजपचा पूर्वसूरी पक्ष, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, आणि समितीच्या बाजूने वारे होते. १९६२ साली ते वारे पडले आणि महाराष्ट्रात जनसंघाला एकही जागा मिळाली नाही. पुढे १९६७ साली २७० पैकी ४ आणि १९७२ साली ५ जागा आल्या. या दोन्ही वेळी म्हाळगी पुण्यातून निवडून आले. चार-पाच आमदारांच्या गटाचे बळ किती? सभागृहातल्या मतदानात हरणे ठरलेले, बोलायला मिळणारा वेळ गटाच्या संख्येच्या मानाने, आणि सत्ता नजरेच्या टप्प्यातही नाही. अशा सदस्याच्या हातात पूर्ण ताकदीचे एकच हत्यार उरते, ते म्हणजे प्रश्न. मंत्र्याला एकट्या सदस्याच्या प्रश्नालाही तितकेच लेखी उत्तर द्यावे लागते. म्हाळगींनी हे ओळखले होते, आणि वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९७७ आणि १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर गेले, १९८२ साली वारले.

आता प्रश्नाकडे येऊ. बहुतेक नवे सहायक इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून पाहू.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात देतात त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय आरोग्य मंत्री खालील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग (१) अमुक झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, त्याची सर्वसाधारण कारणे काय. (३) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सगळा भार पहिल्या कलमावर असतो. दुसरे, तिसरे, चौथे कलम त्याला लटकलेले असते. पहिल्याचे उत्तर ‘हे खरे नाही’ असे आले की खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापून येते आणि दीड महिन्याची मेहनत एका ओळीत संपते.

‘हे खरे नाही’ कसे येते? समजा एका प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका चालक नसल्याने बंद आहे. उत्साही सहायक लिहितो, ‘१२ जून रोजी चालकाअभावी रुग्णवाहिका बंद राहिल्याने तीन रुग्णांची गैरसोय झाली व नागरिकांत तीव्र संताप पसरला, हे खरे आहे काय’. खात्याला यातला एकच दुवा तोडायचा असतो. बारा तारखेला कोणी बदली चालक आला होता, किंवा नोंदवहीत रुग्ण दोनच आहेत, एवढे पुरते. संताप कागदावर सिद्ध होत नाही, म्हणून तो शब्द मुळातच नको. तोच प्रश्न असा लिहा: ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्णवाहिका चालकाचे पद रिक्त असल्याचे माहे जून, २०२४ मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय’. एका कलमात एक गोष्ट. ‘वा त्या दरम्यान’ हे तीन शब्द जुन्या प्रश्नांत जागोजागी दिसतात ते उगाच नव्हे. त्यांच्यामुळे तारखेवरून नकार देता येत नाही. ‘अंशत: खरे आहे’ असे उत्तर आले तर ते उपयोगाचे मानावे, कारण कोणता अंश खरा हे पूरक प्रश्नात, म्हणजे उत्तरावर सभागृहात उभे राहून विचारायच्या पुढच्या प्रश्नात, विचारता येते.

पहिले कलम पक्के करायला कागद लागतो, आणि कागदाला वेळ लागतो. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाचे उत्तर ३० दिवसांत यायचे असते. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. एका अर्जात चार विषय घातले तर तो तिथेच अडकतो. उत्तर आले नाही तर पहिले अपील, म्हणजे आणखी महिना. विधिमंडळ सचिवालय प्रत्येक अधिवेशनाआधी प्रश्न स्वीकारण्याच्या तारखा जाहीर करते आणि त्या अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधीच्या असतात. डिसेंबरात नागपूरला विचारायच्या प्रश्नाचा अर्ज गणपतीच्या आसपास गेलेला बरा.

खाते चुकणे ही दुसरी नेहमीची फजिती. रस्त्याचा प्रश्न म्हणून सगळे सार्वजनिक बांधकाम खात्याला पाठवतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग त्यांच्याकडे असतात, पण इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे प्रश्न ग्रामविकासाचा. शहरातला रस्ता असेल तर नगरविकासाचा. चुकीच्या खात्याला गेलेला प्रश्न फिरत राहतो आणि त्याचा दिवस निघून जातो. न्यायप्रविष्ट बाब, जर-तरचा प्रश्न, मंत्र्याचे मत विचारणारा प्रश्न हे तर दाखलच होत नाहीत.

आमदाराच्या हातात दोन पूरक प्रश्न लिहून द्या, जास्त नकोत. पहिला छापील उत्तरातल्या फटीवर, दुसरा मुदतीचा: पद किती दिवसांत भरणार? मंत्री सभागृहात ‘दोन महिन्यांत भरू’ म्हणाले की ते आश्वासन होते आणि मंत्र्यांची आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीच्या कक्षेत जाते. ‘तपासून पाहू’ म्हणाले तर हाती फार काही लागत नाही. कामकाजाची जी कच्ची प्रत येते, ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असे लिहिलेली, त्यातली मंत्र्यांची ओळ त्याच दिवशी उतरवून घ्या आणि पाठपुराव्याच्या पत्रात शब्दशः वापरा. वर्तमानपत्राचे कात्रण त्या जागी चालत नाही, कारण मंत्री ‘मी तसे म्हणालो नव्हतो’ असे म्हणू शकतात.

बाकीची आयुधे थोडक्यात. विधानसभेत नियम १०५ खाली लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना), नियम ९७ खाली स्थगन प्रस्ताव (ठरलेले कामकाज थांबवून चर्चा मागणारा), नियम २९३ खाली सविस्तर चर्चेचा प्रस्ताव. विधान परिषदेत स्थगनाचे आणि चर्चेचे काम २८९ आणि २६० या नियमांखाली चालते. दोन्ही सभागृहांचे नियम वेगळे आहेत, आकडे एकमेकांत मिसळू नका. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, २८८ च्या सभागृहात २९ ची. पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) आणि कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल वाचायला कंटाळवाणे असतात, म्हणून फार थोडे जण वाचतात. मेहनती आमदाराला तिथे मोकळे रान आहे.

विचारसरणीचा कायदा करणे हे मात्र वेगळे काम आहे, आणि उजव्या विचाराच्या तरुणाला त्याची ओढ सर्वांत जास्त असते. त्याने गोवंश हत्याबंदी कायद्याचा प्रवास तारखेवार पाहावा. मूळ महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा, त्यात गायींच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात, १९९५ साली विधिमंडळात मंजूर झाली. विषय केंद्राच्या कायद्यांना भिडणारा, म्हणून राज्यपालांच्या सहीवर भागले नाही, राष्ट्रपतींची अनुमती लागली. ती मिळाली २०१५ साली. मधली वीस वर्षे विधेयक दिल्लीत पडून होते. पुढे ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम ५ड आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ब रद्द केले. खासगीपणाच्या हक्कावर आणि व्यक्तिस्वातंत्र्यावर कायदा अडतो तो असा. विधेयकाचा मसुदा हाती आला की तीन गोष्टी आधी तपासा: विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या (केंद्र, राज्य की समवर्ती) कोणत्या सूचीत बसतो, अनुमती कोणाची लागेल, आणि कोणते कलम मूलभूत हक्कांना थेट धडकते. उद्देशाशी तुम्ही सहमत असा वा नसा, ही तपासणी सुटत नाही.

अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले खासगी विधेयक मंजूर होणे दुर्मीळच. तरी ते मांडावे, कारण सरकार विषय उचलू शकते. राम नाईक १९७८ पासून तीन वेळा बोरिवलीचे आमदार होते, १९८९ साली लोकसभेत गेले. बाळांसाठीच्या दुधाच्या भुकटीची जाहिरातबाजी रोखण्याचा विषय त्यांनी तिथे खासगी विधेयकाने मांडला आणि १९९२ साली सरकारने त्यावर कायदा केला.

मतदारसंघातली बाजू कमी लेखू नका. सभागृहातला अभ्यास मते मिळवून देतोच असे नाही. कार्यालयात आवक-जावक नोंदवही ठेवा, शिफारसपत्रावर जावक क्रमांक हवाच. शासन निर्णयाचा हवाला देताना क्रमांक, तारीख आणि संकेतांक तिन्ही लिहा. स्थानिक विकास निधीत आमदार काम सुचवतो. मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेतून जातात. हे मतदाराला आधीच नीट सांगितले नाही तर ‘आमदाराने पैसे दिले नाहीत’ असा बोभाटा होतो. जागेचा सातबारा स्पष्ट नसेल तर समाजमंदिराचे काम वर्षभर लटकते, त्यामुळे नारळ फोडण्याआधी उतारा पाहा.

उमेदवारीचे कागद हा वेगळाच धसका. वय २५ पूर्ण, राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. आपले नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीचे. झेरॉक्स चालत नाही, आणि पक्षाचा माणूस वाहतुकीत अडकला हे कारणही चालत नाही. फॉर्म २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका, ‘निरंक’ लिहा. मतदानाच्या संध्याकाळी प्रत्येक बूथवरून फॉर्म १७क (17C, बूथवर पडलेल्या मतांचा हिशेब) ची प्रत गोळा झालीच पाहिजे, आणि निकालानंतर फॉर्म २०, म्हणजे बूथवार मतांचा तक्ता, मागून घ्या. पुढच्या पाच वर्षांचे बूथचे नियोजन त्याच तक्त्यावर होते. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत. तो न देणारा, मग जिंकलेला असो की पडलेला, तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो.

शिकायला जागा आहेत. विधान भवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग घेते, विद्यापीठाच्या विभागामार्फत नाव द्यावे लागते. भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत नेतृत्व आणि राज्यकारभाराचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. पण कुठेही नाव घालण्याआधी घरबसल्या एक सराव करा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून तुमच्या जिल्ह्यावरचे जुने तारांकित प्रश्न काढा, उत्तराचा भाग झाकून ठेवा आणि पहिल्या कलमाला खाते काय म्हणाले असेल ते वहीत लिहा. मग झाकण काढा. जिथे ‘हे खरे नाही’ छापले आहे तिथे नेमक्या कोणत्या शब्दाने घात केला ते शोधा आणि ते कलम नव्याने लिहा. रोज पाच, महिनाभर.