नवलाची बातमी सांगण्यापूर्वी: पडताळणीची आणि लेखनाची एक पद्धत

दिवाळी अंकाची पानपूरके, ग्रंथालयाचा फलक किंवा गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा यांसाठी जगभरातील नवलाच्या बातम्या गोळा करून लिहून देणारी मंडळी आपल्याकडे गावोगावी आहेत आणि मीही बरीच वर्षे हे काम करत आलो आहे. अशी बातमी चार ओळींची असते आणि वाचणारा तिच्यावर सहज विश्वास ठेवतो. तो पुढे ती आपल्या घरी, वर्गात आणि कचेरीत सांगतो, म्हणून त्या चार ओळींची जबाबदारी मला मोठ्या लेखाइतकीच वाटते. शिवाय माझा अनुभव असा आहे की हातोहात फिरून आलेल्या बातमीपेक्षा तिच्या मुळाशी असलेली खरी हकिकत बहुतेक वेळा अधिक नवलाची निघते. तिथपर्यंत कसे पोहोचावे, ते येथे उदाहरणांसह सांगतो.

पहिले काम म्हणजे ऐकलेली बातमी जशीच्या तशी एका वाक्यात लिहून काढणे आणि त्या वाक्यात कोण, कुठे, केव्हा आणि किती यांची उत्तरे आहेत का, ते पाहणे. ‘एकदा समुद्रात हजारो रबरी बदके सांडली आणि ती जगभर पोहोचली’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असेल. यात जहाज नाही, वर्ष नाही, समुद्राचे नाव नाही आणि नेमका आकडाही नाही. ज्या बातमीत या चारांपैकी एकही गोष्ट सापडत नाही ती तपासताच येत नाही, म्हणून ती बाजूला ठेवावी. बदकांच्या बाबतीत मात्र शोध घेतला तर चारही सापडतात. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतील टॅकोमा बंदराकडे निघालेल्या ‘एव्हर लॉरेल’ या जहाजावरून प्रशांत महासागरातील वादळात बारा कंटेनर समुद्रात पडले आणि त्यांपैकी एकात आंघोळीच्या वेळी खेळायची २८,८०० खेळणी होती.

आता मूळ वाक्यातील एकेक शब्द या माहितीशी ताडून पाहावा. ही खेळणी रबराची नसून प्लास्टिकची होती. ती सगळी बदकेही नव्हती, कारण पिवळ्या बदकांच्या जोडीला त्यांत लाल बीव्हर, हिरवे बेडूक आणि निळी कासवे होती. अशा खेळण्यांना बहुधा तळाशी एक भोक असते, पण यांना ते नव्हते, त्यामुळे आत पाणी न शिरता ती वर्षानुवर्षे तरंगत राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अलास्कातील सिटका परिसराच्या किनाऱ्यावर पहिली खेळणी लागली. कर्टिस एब्समायर आणि जेम्स इंग्रॅहम या दोन समुद्रशास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या लोकांकडून कुठे, केव्हा आणि कोणते खेळणे सापडले याच्या नोंदी मागवल्या आणि सागरी प्रवाहांच्या आपल्या संगणकीय प्रतिरूपाशी त्या ताडून पाहिल्या. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने बदके व बीव्हर पांढरे पडले, बेडकांचा आणि कासवांचा रंग मात्र टिकला. ‘बदके जगभर पोहोचली’ या विधानापेक्षा हा तपशील मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण त्यातून महासागराचे पाणी कसे फिरते, हे एका खेळण्याच्या आधारे मुलालाही समजते. ‘जगभर’ हा शब्दही जपूनच वापरावा. २००७ च्या सुमारास ही बदके ब्रिटनला पोहोचतील अशा बातम्या आल्या होत्या आणि तेथील किनाऱ्यावर एक बदक सापडल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले होते, पण ते त्या खेपेतील नसल्याचे नंतर स्पष्ट झाले.

नावे आणि तारखा मिळाल्यावर आकड्यांकडे वळावे. ‘ऑस्ट्रेलियाने पक्ष्यांशी युद्ध पुकारले आणि ते हरले’ ही बातमी १९३२ सालच्या एका खऱ्या घटनेवर आधारलेली आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अनेक सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात शेतीसाठी जमिनी मिळाल्या होत्या, गव्हाचे भाव कोसळलेले होते आणि त्यातच सुमारे वीस हजार एमू पक्षी उभ्या पिकात शिरले. शेतकऱ्यांच्या मागणीवरून सरकारने मेजर मेरेडिथ यांना मोजके सैनिक, दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या देऊन पाठवले. पक्षी लहान लहान टोळ्या करून पांगत असल्याने नेम धरणे अवघड जाई आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोहीम एकदा थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. युद्ध पुकारल्याची कोणतीही घोषणा झाली नव्हती, ‘युद्ध’ हे नाव नंतर चिकटले. मेरेडिथ यांनी शेवटी ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी मारल्याचा दावा केला. हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले की एका पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या पडतात. प्रत्यक्ष मोजणीतून इतका नेमका भागाकार क्वचितच निघतो, म्हणून असा आकडा ‘मारले’ या क्रियापदासह लिहू नये, ‘मारल्याचा दावा केला’ असे लिहावे. या एका क्रियापदाच्या फरकाकडे नवख्या लेखकाचे फार दुर्लक्ष होते.

साध्या गणिताने मोठमोठ्या वदंता कशा तपासता येतात, याचे उदाहरण लोकप्रिय संगीतातही आहे. बीटल्स या इंग्लिश गायकवृंदातील पॉल मॅकार्टनी आधीच मरण पावला असून त्याच्या जागी दुसराच कोणी उभा आहे, अशी अफवा १९६९ च्या शरद ऋतूत अमेरिकेत पसरली. ‘ॲबी रोड’ या त्यांच्या नव्या गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर चौघे जण रस्ता ओलांडताना दिसतात आणि मागे उभ्या असलेल्या फोक्सवॅगन गाडीच्या पाटीवर २८ हा आकडा व त्यापुढे ‘जर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, म्हणजे पॉल जिवंत असता तर २८ वर्षांचा झाला असता, असा अर्थ लोकांनी लावला. पाटीवरील शेवटची अक्षरे प्रत्यक्षात २८१ आणि एफ अशी होती, त्यातला १ हा अंक लोकांनी आय हे अक्षर समजून वाचला. पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा, त्यामुळे सप्टेंबर १९६९ मध्ये त्याला २७ वर्षे पूर्ण झालेली होती. येथे मराठी लेखकाने थोडे थांबावे, कारण आपण ‘सत्तावीस पूर्ण’ आणि ‘अठ्ठाविसावे चालू’ असे दोन्ही म्हणतो आणि अनुवादात वय एका वर्षाने सहज इकडेतिकडे होते. वयाचा उल्लेख असेल तेव्हा जन्मतारीख काढून स्वतः वजाबाकी करावी.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहा ठिकाणी तेच वाक्य सापडले म्हणजे दहा पुरावे मिळाले असे नाही, ती दहाही ठिकाणे एकाच जागेवरून उतरवलेली असू शकतात. फ्रेड वर्थ या अमेरिकी लेखकाने १९७४ साली किरकोळ माहितीचा एक कोश प्रसिद्ध केला आणि त्यात एक खोटी नोंद मुद्दाम पेरली. ‘कोलंबो’ या दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप आहे, अशी ती नोंद होती. मालिकेत हे नाव कधीही उच्चारले गेलेले नाही. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या कॅनडात जन्मलेल्या प्रश्नोत्तरांच्या खेळात हाच ‘फिलिप’ उत्तर म्हणून आला आणि आपल्या कोशातून नक्कल झाल्याचे वर्थ यांच्या लक्षात आले. त्यांनी १९८४ साली तीस कोटी डॉलरचा दावा लावला. वस्तुस्थितीवर कोणाचीही मालकी असू शकत नाही, या तत्त्वाच्या आधारे न्यायालयाने तो फेटाळला. निकाल बाजूला ठेवला तरी खेळ रचणाऱ्यांनी मालिकाच पाहिली असती तर ही चूक टळली असती. मालिकेतील ओळखपत्रावर ‘फ्रँक’ असे नाव वाचता येते. म्हणून चित्रपट, मालिका किंवा गाणे यांबद्दलची माहिती देताना कोशावर न विसंबता ती कलाकृतीच पाहावी किंवा ऐकावी, हा नियम मी कधीही सोडत नाही.

छायाचित्राच्या बाबतीत मूळ छायाचित्र कोणी, कधी आणि कशासाठी प्रसिद्ध केले, ते शोधावे. दर दिवाळीत भारताचे एक रंगीबेरंगी उपग्रहचित्र ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ म्हणून फिरते. पांढरा, निळा, हिरवा आणि लाल हे त्यातील रंग वेगवेगळ्या वर्षांचे आहेत: १९९२ पूर्वीपासून असलेले दिवे पांढरे, तर १९९२, १९९८ आणि २००३ या वर्षी दिसू लागलेले दिवे अनुक्रमे निळे, हिरवे आणि लाल. वस्त्या कशा वाढत गेल्या हे दाखवण्यासाठी एका अमेरिकी शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून हे चित्र बनवले होते. २०१२ साली नासाने दिवाळीच्या रात्रीचे खरे उपग्रहचित्र प्रसिद्ध करून हा खुलासाही केला की दिवाळीत पडणारा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो वेगळा ओळखू येत नाही. अशा वेळी मूळ चित्र टाकून देऊ नये, त्याचे खरे वर्णन देऊन तेच छापावे.

एखाद्या संस्थेच्या नावाने बातमी आली असेल तर त्या संस्थेचे म्हणणे पाहिल्याशिवाय ती वापरू नये. ‘युनेस्कोने भारताच्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवले’ हा संदेश युनेस्कोने नाकारूनही वर्षानुवर्षे फिरत राहिला. २०१६ साली दोन हजारांच्या नव्या नोटेत तिचे ठिकाण कळवणारी चिप असल्याची बातमीही रिझर्व्ह बँकेने नाकारली, परंतु तिला बँकेच्या खुलाशाआधीही अडवता आले असते: ठिकाण शोधणारे जीपीएस उपकरण उपग्रहाचे संकेत फक्त घेते, ते पुढे कळवायला वेगळे प्रक्षेपण आणि वीज लागते आणि कागदी नोटेत विजेची सोय नसते. याउलट काही बातम्या अविश्वसनीय वाटूनही खऱ्या ठरतात. एडिंबरा प्राणिसंग्रहालयातील निल्स ओलाव्ह या किंग पेंग्विनला नॉर्वेच्या राजरक्षक दलाने २०२३ साली मेजर जनरल हे पद दिले. ते पद मानद आहे आणि ते नाव वारशाने चालवणारा हा तिसरा पेंग्विन आहे, एवढे दोन खुलासे केले की ती बातमी निःशंकपणे छापता येते.

अनुवाद करताना आपल्या भाषेतील नेमका शब्द शोधण्यासाठी वेळ द्यावा. १५ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात सुमारे पन्नास फूट उंचीची एक टाकी फुटली आणि तिच्यातील तेवीस लाख गॅलन द्रव रस्त्यावर आला. मराठीत याला कोणी गुळाचा तर कोणी पाकाचा पूर म्हणतात. साखर कारखान्यांच्या आपल्या मुलखात त्यासाठी ‘मळी’ हा अचूक शब्द प्रत्येकाच्या परिचयाचा आहे आणि तो वापरला की तिच्यापासून मद्यार्क बनतो हेही वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. ती टाकी त्यासाठीच होती. गॅलनचे लिटर करून, म्हणजे सुमारे ८७ लाख लिटर, असा आकडा द्यावा. मात्र या बातमीला ‘गमतीदार’ सदरात जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या लाटेत २१ माणसे मेली आणि सुमारे दीडशे जखमी झाली. कंपनीने घातपाताचा आरोप केला, पण अनेक वर्षे चाललेल्या चौकशीत टाकीच्या सदोष बांधणीसाठी कंपनीलाच जबाबदार धरण्यात आले. चारच ओळी उपलब्ध असतील तर मृतांचा आकडा पहिल्या दोन ओळींत आला पाहिजे.

तारखांबद्दल दोनच सूचना करतो. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, तेव्हा अंकांतील तारीख शब्दांत उतरवूनच वहीत टिपावी. बातमी १ एप्रिलची असेल तर ती तपासल्याशिवाय पुढे नेऊच नये: स्वित्झर्लंडमधील झाडांवरून शेवयांसारख्या स्पॅगेटीचे पीक काढताना दाखवणारा बीबीसीचा १९५७ सालचा वृत्तांत त्याच दिवशी प्रसारित झाला होता.

मजकूर तयार झाला की तो दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांचे प्रश्न टिपून घ्यावेत. बदकांची बातमी मी प्रथम लिहिली तेव्हा एका मुलीने मला विचारले की खेळणी खोक्यांत बंद होती तर ती समुद्रात मोकळी कशी झाली. मी पुन्हा शोध घेतला. प्रत्येक खेळणे पुठ्ठ्याच्या वेष्टनात बसवलेले होते आणि समुद्राच्या पाण्यात तो पुठ्ठा लवकरच विरून गेला होता. ते वाक्य घातल्यावर पानपूरक चार ओळींऐवजी पाच ओळींचे झाले आणि तसेच छापायला दिले.