हरभऱ्याच्या पानावरचा कोष: पंप भरण्याआधी वाकून बघा

डिसेंबर सरत आला की इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यातला हरभरा फुलावर येतो. डॉलर चना, म्हणजे टपोरा काबुली हरभरा, उशिरा पेरला असेल तर तो थोडा मागे असतो. याच दिवसांत हरभऱ्याचे घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणारी घाटे अळी दिसायला लागते. आपल्याकडे मजूर मंडळी तिला सरळ 'इल्ली' म्हणतात. इल्ली दिसली की फवारणीचा पंप पाठीवर चढतोच. तो भरण्याआधी एक काम करा: झाडावर कोष आहेत का ते बघा.

दव उडाल्यावर, नऊ-साडेनऊला शेतात उतरा. त्याआधी गेलात तर आंबेनं, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट ओलाव्यानं, पोटऱ्या चुरचुरतील. वाकून शेंड्याकडची पानं आणि फांद्यांची बेचकी निरखून बघा. तांदळाच्या दाण्याएवढा, राखी-पांढरा, काळपट ठिपक्यांचा एक लांबट दाणा पानाला चिकटलेला दिसेल. बोट लावलं तर कागदासारखा कडक लागतो. पुष्कळदा त्याच्या शेजारीच एका छोट्या अळीची सुरकुतलेली, रिकामी कातडी लोंबत असते. ही कातडी घाटे अळीची, आणि कोष आहे तिला आतून खाऊन बाहेर पडलेल्या गांधीलमाशीच्या जातीतल्या एका बारीक माशीचा. तिचं नाव कॅम्पोलेटिस. ही माशी लहान अळीच्या अंगात अंडं घालते, तिचं पिल्लू आतच वाढतं आणि अळी मोठी होऊन घाट्यांना भोकं पाडायच्या आतच तिला संपवतं. मग बाहेर येऊन तिथेच कोष विणतं.

कोष विणायचा खटाटोप कशासाठी, हे समजलं की त्याची किंमत कळते. अळीचं पंखवालं पाखरू किंवा माशी होताना मधे एक अवस्था असते. त्या काळात कीटकाला खाता येत नाही आणि पळताही येत नाही. अळीचं बरंचसं शरीर मोडून आत पाय, पंख, डोळे नव्यानं घडत असतात. तेव्हा मुंगीनं गाठलं, कोरड्या वाऱ्यानं सुकवलं की खेळ संपला. म्हणून अळी आधीच स्वतःभोवती घर बांधून घेते. तोंडाजवळच्या ग्रंथीतून चिकट द्रव येतो, तो बाहेर ओढला जाताच त्याचा धागा होतो. तुतीच्या रेशीमकिड्याचा एक कोष उकलला तर हजार मीटरच्या आसपास सलग धागा निघतो. आपल्या शेतातल्या माशीचा कोष त्यापुढे चिमुकला, पण काम तेच: आतला ओलावा धरायचा, थंडी-वारा आणि शत्रू बाहेर ठेवायचे. मराठीत आपण घरालाही कोष म्हणतो आणि आतल्या जीवालाही, त्यामुळे गोंधळ होतो. घर विणलेलं असतं, आतला जीव निराळा.

आता महत्त्वाचं. घाटे अळी स्वतः असं रेशमी घर विणत नाही. पोट भरलं की ती जमिनीवर उतरते, काही इंच खाली मातीत गुळगुळीत पोकळी करते आणि तिथे तपकिरी, चकचकीत कोष होऊन पडून राहते. सोयाबीनवरची पानं खाणारी तंबाखू अळीही असंच करते. म्हणून कुदळीखाली तपकिरी कॅप्सूलसारखं काही निघालं तर तो बहुधा शत्रूच समजा. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची ती यासाठीच, म्हणजे हे कोष वर येऊन उन्हानं मरतात आणि बगळे-साळुंक्याही वेचून खातात.

फसवणारं एक उदाहरण हरभऱ्यातच आहे. उंटअळी पान दुमडून आत विरळ जाळी करते. जाळीतून आतला जीव आरपार दिसतो. तो मित्र नव्हे. कोबी-फुलकोबीत हा फरक आणखी नीट कळतो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा कोष मच्छरदाणीसारखा, आतला जीव दिसणारा. त्याच्यावर जगणाऱ्या माशीचा कोष पांढरा, घट्ट, आतलं काहीच न दिसणारा. कोबीवरच्या मोठ्या अळीशेजारी पिवळ्या कोषांचा पुंजका दिसला तर अंडी समजून चिरडू नका. त्या मरत चाललेल्या अळीतून निघालेल्या माश्या आहेत त्या.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी पानापानावर राखी कोष दिसले, ते 'किडीची पिलावळ' असं दुकानात सांगितलं गेलं आणि दोन औषधं एकत्र करून मारली. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा अळ्या, त्याही मोठ्या. राखण करणारंच कोणी उरलं नव्हतं. त्या कोषांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

शंका असेल तर कोषासकट पान काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल आणि रबर लावा, सावलीत ठेवा. आठवड्याभरात, कडाक्याच्या थंडीत थोडं उशिरानं, आतून काय निघतं ते डोळ्यांनी दिसेल. बारीक कंबरेची, लांब मिशांची माशी निघाली की तिला शेतात सोडा.

फवारणी कधीच करू नका असं मी म्हणत नाही. शेतात वीस ठिकाणी एकेक मीटर ओळ तपासा. मीटरला सरासरी एक-दोन जिवंत अळ्या असतील आणि कोष तुरळक, तर उपाय करावाच लागेल. कोष भरपूर आणि अळ्या बारीक असतील तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. उपायाची सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्कानं करा, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीचा. किंवा घाटे अळीचा विषाणू, एचएनपीव्ही, हेक्टरी 250 एल.ई. (विषाणू मोजायचं माप, अळी-समतुल्य) या प्रमाणात संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याचा जोर जातो. अळ्या बारीक असतानाच त्याचा उपयोग. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आणि 50 पक्षीथांबे आधीच लावलेले असावेत.

ट्रायकोकार्डबद्दल, म्हणजे किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक माशीच्या कार्डाबद्दल, बरेच जण विचारतात. सोयाबीननंतर तीच पद्धत हरभऱ्यात चालेल असं वाटतं, पण हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची आंब असते, तिच्यात ट्रायकोग्रामाचा टिकाव लागत नाही. कॅम्पोलेटिसचं मात्र या पिकात चांगलं जमतं, म्हणून तर तिचे कोष जपायचे.

कोषातून निघालेल्या माशीला अळीइतकीच मधाचीही गरज असते. हरभऱ्यात अधूनमधून किंवा बांधाच्या कडेनं धने असतील तर तिची सोय होते. यंदा लावले असतील तर सगळी कोथिंबीर मंडईत नेऊ नका, दोन ओळी फुलू द्या. लावले नसतील तर पुढच्या पेरणीला बियाण्याच्या पिशवीसोबत किलोभर धनेही शेतावर घेऊन जा.